घाटातली धाव आणि एकरी हिशेब

(शेतकी विभागाकडून)



शेतकी विभागाच्या पानावर आपण नेहमी लागणीच्या तारखा, बेण्याची निवड, खतांचे हप्ते आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी वाचता. या अंकातही त्यातले थोडे येणारच आहे. पण मुख्य विषय वेगळा आहे, आणि तो या पानावर घेऊ दिल्याबद्दल संपादक मंडळाचे आम्ही आधीच आभार मानतो.

विषय आहे पळण्याचा. २०२२ सालापासून आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ सभासदांनी आम्हाला भल्या पहाटे पाटाच्या रस्त्याने पळताना पाहिले आहे. सुरुवातीला लोक थांबून विचारीत, "साहेब, बिबट्या मागं लागलाय का काय?" एका गावच्या चहाच्या टपरीवर तर कारखान्याने शेतकी साहेबांची मोटारसायकल काढून घेतली, अशी बातमी पसरली होती. तेव्हा खरी हकीकत एकदा छापून टाकलेली बरी. शिवाय या पळण्यातून आम्हाला जो धडा मिळाला तो उसाच्या पिकालाही लागू पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

शंभर टन आणि शंभर किलो

२०२२ सालच्या उन्हाळ्यात एका गटाचा ऊस विकास मेळावा देवळाच्या सभामंडपात भरला होता. विषय नेहमीचा, एकरी शंभर टन. माती परीक्षण करा, खत एकदम टाकू नका, खोडव्यातले पाचट जाळू नका, असे आम्ही पोटतिडकीने सांगत होतो. भाषण संपल्यावर "कोणाला काही शंका?" असे विचारले, तेव्हा मागच्या रांगेतून एक वयस्क सभासद उठले. त्यांना सारा गाव आप्पा म्हणतो. आम्हीही येथे तेवढेच म्हणू.

"साहेब, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा की आप्पा."

"तुमचं वजन किती भरतंय?"

आम्ही खरे ते सांगितले, सत्त्याण्णव किलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "म्हंजे आमच्या एकराचं शंभर टन व्हायच्या आदी तुमचं शंभर किलो पुरं हुनार. तुमी सांगता ते वहीत समदं बराबर आसतंय. पर सोताच्या आंगाची मशागत कवा करनार?"

सारा मंडप हसला. आम्हीही हसलो, पण तो घास घशाखाली उतरला नाही. आपण रोज जे दुसऱ्याला सांगतो ते स्वतः करीत नाही, हे चारचौघांत कोणी दाखवून दिले की माणूस रात्री जागा राहतो. आम्हीही राहिलो.

दुसरेही एक कारण होते. आमचे वडील ऊस उत्पादकच. त्यांना मधुमेह होता आणि त्यांनी तो शेवटपर्यंत मनावर घेतला नाही. पायाला झालेली साधी जखम चिघळली आणि अखेर पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर ते शेताच्या बांधापर्यंतही जाऊ शकले नाहीत. मेळाव्यानंतर आठच दिवसांनी आम्ही रक्त तपासून घेतले. तीन महिन्यांच्या साखरेची जी सरासरी काढतात ती ६.३ निघाली. साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात. आत यायचे की मागे फिरायचे ते तुमच्या हातात आहे." साखर कारखान्याच्या माणसाने साखरेपासून पळ काढायचा, अशी ही गंमत.

पळण्याच्या शर्यती व त्यांचे विषय

पहिले तीन महिने आम्ही नुसते चाललो. मग थोडे पळणे, थोडे चालणे. २०२३ च्या सुरुवातीस सलग पाच किलोमीटर पळू लागलो. त्या सुमारास साताऱ्यास असणारे आमचे मेहुणे घरी आले होते. त्यांनी आमचा उत्साह पाहिला आणि आम्हाला न विचारताच सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरून टाकला.

मॅरेथॉन म्हणजे काय हे पुष्कळांना ठाऊक आहे, पण तिचे अंतर असे अर्धवट आकड्याचे का, हे फारसे कोणी सांगत नाही. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातील राजघराण्याच्या आसनापर्यंत ही शर्यत घेतली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर भरले. १९२१ मध्ये तेच कायम करण्यात आले. त्याचे निम्मे म्हणजे हाफ मॅरेथॉन, २१ किलोमीटर ९७ मीटर ५० सेंटिमीटर. आपल्या भागातला माणूस या वाटेला फार पूर्वीच गेलेला आहे. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले.

अलीकडे प्रत्येक शर्यतीला काहीतरी विषय असतो. कोठे पाणी वाचवा, कोठे मुलगी शिकवा, कोठे एखाद्या रोगाविषयी जागृती. कोणी त्या विषयाचा पोशाख करून पळतात, कोणी फलक घेऊन. २०१२ पासून भरणाऱ्या साताऱ्याच्या शर्यतीचा विषय मात्र तिच्या नावातच आहे, तो म्हणजे डोंगर. शहरातून निघायचे, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागायचे, कासच्या रस्त्याने निम्मे अंतर चढत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. ज्या कासच्या पठाराला पावसाळा सरताना फुले येतात, त्याच बाजूचा हा रस्ता. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी, समोर अजिंक्यतारा. धुके उतरले तर दहा पावलांपुढचे दिसत नाही.

सातारा जिल्ह्याला पळण्याचे वावडे नाही. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली व दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी, पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी ती पहिली भारतीय महिला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे २०२० साली दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळाला. म्हणजे तासाला जवळजवळ एकवीस किलोमीटर. उसाने भरलेली आपली ट्रॅक्टरची जुगाडे काही याहून फार वेगाने येत नाहीत.

आमचे ध्येय अर्थातच असे काही नव्हते. पावणेतीन तासांत शर्यत पुरी करायची, एवढेच मनाशी धरले होते.

२०२३: पोती एकदम रिकामी केली

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने कशी दडी मारली होती ते आपणास आठवत असेल. उभे ऊस माना टाकीत होते आणि आम्ही दिवसभर पाण्याच्या पाळ्यांच्या तक्रारी ऐकत होतो. सरावात खंड पडला. तरीही शर्यतीच्या दिवशी अंगात वारे भरले. पहाटेची वेळ, हजारो माणसे, रस्त्याच्या दुतर्फा ढोल-ताशे, टाळ्या वाजविणारी पोरे. बंदुकीतून गोळी सुटावी तसे आम्ही सुटलो.

घाटात लोकांना मागे टाकताना फार बरे वाटत होते. अर्ध्यावरून मागे वळलो तेव्हा घड्याळात १ तास २२ मिनिटे झाली होती. मनात म्हटले, आता तर उतारच आहे, पावणेतीन काय, अडीच तासांतही जमेल.

तेराव्या किलोमीटरला मांड्या दगडासारख्या झाल्या. सोळाव्याला पोटरीत असा गोळा आला की रस्त्याच्या कडेला बसावे लागले. चढताना ज्यांना ज्यांना मागे टाकले होते ते सर्व एकेक करून पुढे निघून गेले. उरलेले अंतर आम्ही चालत, लंगडत, मधूनच पळण्याचे नाटक करीत पुरे केले. एकूण वेळ २ तास ५८ मिनिटे. पदक मिळाले, पण ते गळ्यात घालून घरी जाताना मान वर होईना.

शर्यत संपल्यावर चहाच्या गाड्यापाशी एक गृहस्थ भेटले. वय साठीच्या पुढे, एस.टी.चे निवृत्त चालक. आमच्या आधी बराच वेळ येऊन त्यांचा दुसरा चहा चालू होता. आमची अवस्था पाहून म्हणाले, "साहेब, नवशिका ड्रायव्हर घाटात असाच गाडी मारतो. चढाला इंजिन तापवायचं आणि उताराला ब्रेक दाबत यायचं. मग ब्रेक तापून लागत नाही. ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचं."

एवढ्या थोड्या शब्दांत आम्हाला कोणी शास्त्र शिकविलेले नव्हते. उतारावर मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला शरीराला आवरून धरतात, म्हणजे ब्रेकचे काम करतात. पाऊल लांब टाकले की तो हिसका वाढतो. चढावरच थकून गेलेल्या स्नायूंना तो सोसत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आप्पा गट ऑफिसात आले. बातमी त्यांना कळलेली होतीच.

"काय साहेब, किती एकर पळाला?"

आम्ही म्हणालो, "आप्पा, पुढच्या वर्षी दोन तास चाळीस मिनिटांच्या आत आलो तर काय द्याल?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमी दहा साल माझ्या मागं लागलाय, पाचट जाळू नका म्हनून. तुमी दोन-चाळीसच्या आत आलात तर माझ्या एक एकर खोडव्याला काडी लावनार न्हाई. शबूद."

सभासदहो, एकरी तीन ते चार टन पाचट दरवर्षी डोळ्यांदेखत जळते. त्यातला सेंद्रिय कर्ब जातो, नत्र जातो, जमिनीतली ओल जाते, वरच्या थरातले जिवाणू मरतात. दहा वर्षांच्या भाषणांनी जे झाले नाही ते अठरा मिनिटांवर येऊन ठेपले होते.

हिशेबाची वही

घरी आल्यावर आमच्या सौ.नी एक साधे बोलून दाखविले. "दिवसभर लोकांच्या उसाच्या नोंदी करता. स्वतःच्या पळण्याची एक तरी नोंद आहे का?" नव्हती. त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि कारखान्याच्या नोंदवहीसारखे रकाने आखले. तारीख, अंतर, वेळ, झोप, वजन, शेरा.

दोन महिन्यांत वहीने आमची चोरी पकडली. प्रत्येक वेळी पहिले तीन किलोमीटर आम्ही सर्वांत वेगाने पळत होतो आणि शेवटचे तीन सर्वांत सावकाश. म्हणजे साताऱ्यात जी चूक झाली ती त्या दिवसापुरती नव्हती. ती आम्ही रोज पाटाच्या रस्त्यावर गिरवीत होतो.

आता येथे थोडे आमच्या धंद्यातले सांगावेसे वाटते. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६०. ते आपण कसे द्यावे असे सांगतो? लागणीच्या वेळी दहा टक्के, म्हणजे १६ किलो. सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, म्हणजे ६४ किलो. बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा १६ किलो. आणि मोठ्या बांधणीला उरलेले ६४ किलो. सुरुवातीला उसाला मुळेच नसतात. तेव्हा पोती रिकामी केली तर खत निचऱ्याने जाते, हवेत उडते, तणाला पोसते. आणि कांडी धरण्याच्या ऐन वेळी पीक उपाशी राहते. हे आम्ही शेकडो मेळाव्यांत फळ्यावर लिहून दाखविले आहे. आणि स्वतः मात्र घाटाच्या पायथ्यालाच सगळी पोती ओतून मोकळे झालो होतो.

शरीराचाही असाच कोठा आहे. आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर स्नायूंत आणि यकृतात साठविली जाते. हा साठा साधारण दोन हजार कॅलरींचा. पळताना माणसाला दर किलोला दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी लागते. आमचे वजन त्या वेळी ९० किलो धरा. एकवीस किलोमीटरला १,८९० कॅलरी झाल्या, म्हणजे कोठा जवळजवळ तळाला. माणूस सावकाश पळत असेल तर शरीर चरबीही जाळते आणि साखर पुरवून वापरते. धाप लागेल एवढ्या वेगाने पळाला तर साखरच जास्त जळते. म्हणून पहिल्या तासात केलेली उधळपट्टी शेवटच्या तासात वसूल होते, तीही व्याजासकट.

मग आम्ही पळण्याचेही हप्ते पाडले. आठवड्यातून चार दिवस पळणे. त्यांतले तीन दिवस इतके सावकाश की शेजारी सायकलवरून जाणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. एक दिवस चढाचा. आपल्या भागातील टेकडीवरच्या देवळाच्या रस्त्याने चार वेळा वर आणि चार वेळा खाली. खाली येताना पावले आखूड टाकायची, अंग मागे झुकवायचे नाही, टाच आपटायची नाही. रविवारी लांब पल्ला, तोही दर आठवड्याला थोडा थोडा वाढवीत. गळीत हंगामात रात्री-अपरात्री तोडणी-वाहतुकीचे फोन येत. त्या महिन्यांत आठवड्याला दोनच दिवस जमले, तेही वहीत तसेच लिहिले. वहीत खोटे लिहायचे नाही एवढा एकच नियम कडक पाळला. काट्यावर एक वजन आणि पावतीवर दुसरे, हे आपण सभासद म्हणून चालवून घेऊ का? मग स्वतःच्या वहीत तरी का चालवून घ्यावे?

२०२४ च्या ऑगस्टपर्यंत वजन ८४ किलोंवर आले.

२०२४: ज्या गिअरात चढलो

२०२४ च्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मेहुण्यांकडे मुक्काम केला. रात्री साधा वरण-भात, लवकर झोप. पहाटे बाहेर पाहिले तर रिपरिप पाऊस आणि वर घाट ढगात बुडालेला. मनगटावर आम्ही शाईने तीन आकडे लिहिले होते. वर वळताना १ तास २६, वीस किलोमीटरला २ तास ३२, शेवट २ तास ४०.

ढोल वाजू लागले, गर्दी सुटली आणि आम्ही मागे राहिलो. मुद्दाम राहिलो. हे लिहायला सोपे आहे, पण तेथे फार जड जाते. आपल्याहून वयाने मोठी, अंगाने जाड माणसे पुढे निघून जातात आणि आपण पाय आवरून धरायचे. घाटाच्या दुसऱ्या वळणावर शेजारच्या एका कारखान्याचे शेतकी खात्यातले परिचित गृहस्थ मागून आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय राव, उसाची मोळी ओढताय का?" आणि गेले. आम्ही जीभ आणि पाय दोन्ही आवरले. जेथे चढ फारच उभा होता तेथे सरळ चाललो, पण झपाझपा. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी दोन घोट पाणी आणि चिमूटभर मीठ. खिशातला गुळाचा खडा दर अर्ध्या तासाला तोंडात. साखरेचा कारखाना असला तरी येथे गूळ चालला, याबद्दल संचालक मंडळाने क्षमा करावी.

वर वळलो तेव्हा घड्याळ १ तास २८ मिनिटे दाखवीत होते. ठरविल्यापेक्षा दोन मिनिटे जास्त. गेल्या खेपेपेक्षा सहा मिनिटे जास्त. धुक्यात उभे राहून क्षणभर वाटले, झाले, गेले पाचट. शास्त्र वगैरे ठीक आहे, पण आपण फारच कंजूषपणा केला.

पण पाय ताजे होते. हे आम्हाला दोन-तीनशे मीटर खाली आल्यावर कळले. रस्ता ओला, म्हणून पावले आखूड. चढताना जशी टपटप पावले पडत होती तशीच उतरताना पडू दिली, फक्त रस्ताच आता आपल्याला पुढे नेत होता. तेरावा किलोमीटर आला आणि गेला. सोळावा आला. ज्या कठड्यापाशी गेल्या खेपेस पोटरी धरून बसलो होतो तो कठडा ओळखू आला. त्याच्याजवळच ते परिचित गृहस्थ पाय ताणत उभे होते. आम्ही त्यांना काही बोललो नाही. त्या कठड्यावर बसण्याचे दुःख आम्हाला ठाऊक होते. खिशातला गुळाचा खडा तेवढा त्यांच्या हातावर ठेवला.

शहरात शिरलो, वीस किलोमीटरची पाटी आली. २ तास ३० मिनिटे आणि काही सेकंद. आता मात्र राखून ठेवण्यासारखे काही नव्हते. मोठ्या बांधणीचा हप्ता काढला. पोटरीत गोळा येऊ येऊ म्हणत होता, छातीत भाता चालला होता, डोळ्यांत पावसाचे पाणी. रस्त्याकडेची शाळेची मुले ओरडत होती, "काका, पळा!" काकांनी उरलेसुरले सगळे ओतले.

दोन तास, सदतीस मिनिटे, अठ्ठेचाळीस सेकंद.

दोन्ही वर्षांचा हिशेब सभासदांच्या माहितीसाठी देत आहोत.

२०२३: चढ १ तास २२ मिनिटे, परत १ तास ३६ मिनिटे, एकूण २ तास ५८ मिनिटे.
२०२४: चढ १ तास २८ मिनिटे, परत १ तास ९ मिनिटे ४८ सेकंद, एकूण २ तास ३७ मिनिटे ४८ सेकंद.

चढावर सहा मिनिटे जास्त खर्च केली आणि उतारावर सव्वीस मिनिटे परत मिळाली. वजन उतरल्याचा आणि सरावाचा त्यात मोठा वाटा आहे हे कबूल, पण हप्ते पाडल्याशिवाय तो सराव वसूल झाला नसता. असे व्याज कोणती सोसायटी देते?

भिजलेल्या हातांनी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, दोन सदतीस!"

"कशाचं? टनाचं?"

"दोन तास सदतीस मिनिटं, आप्पा."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "म्हंजी मी हारलो म्हना."

"हरला कुठं, आप्पा? पाचट जिंकलात."

एक एकर खोडवा

आप्पांनी शब्द पाळला. २०२५ च्या जानेवारीत त्यांचा ऊस तुटला. आम्ही स्वतः जाऊन उभे राहिलो. बुडखे जमिनीलगत छाटून घेतले, पाचट सरीत बसविले. शिफारस हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक अशी आहे. एका एकराला त्याप्रमाणे ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो टाकले. बाकीच्या रानात आप्पांनी नेहमीप्रमाणे काडी लावली. शब्द एका एकराचाच होता, आम्ही जास्त मागितले नाही.

एप्रिलच्या कडक उन्हात एके दिवशी त्यांनीच आम्हाला बोलावून घेतले. पाण्याची पाळी लांबलेली होती. जाळलेल्या रानाला भेगा पडल्या होत्या. पाचटाच्या एकरात आप्पा खाली बसले, हाताने पाचट बाजूला सारले. खाली माती काळीभोर, ओलसर, आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. आप्पांनी मूठभर माती उचलली, दाबून पाहिली आणि काही न बोलता परत होती तेथे ठेवली. जाताना एवढेच म्हणाले, "साहेब, बाकीच्या दोन एकराला तुमाला किती मिनटात यावं लागंल?"

आम्ही म्हणालो, "त्याला आता आम्ही पळायची गरज नाही."

या एकराचे काट्यावरचे वजन आम्ही याच पानावर छापू, कमी भरो वा जास्त.

सभासदांस चार सूचना

रक्त पुन्हा तपासले, सरासरी ५.६ आली. डॉक्टर म्हणाले, उंबऱ्यावरून खाली उतरलात, पण घर तेथेच आहे, हे विसरू नका. तेव्हा हा विजय कायमचा, असे आम्ही म्हणणार नाही.

सर्वांनी घाटात पळावे असेही आमचे म्हणणे नाही. जे बंधू-भगिनी दिवसभर रानात राबतात त्यांना वेगळ्या व्यायामाची सांगावी लागत नाही. परंतु आपल्यातले पुष्कळजण आता बांधापर्यंतही मोटारसायकलवर जातात, हे आपण मान्य केले पाहिजे. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, चाळिशी उलटली असेल तर रक्तदाब व साखर तपासल्याखेरीज पळायला सुरुवात करू नये. छातीत दुखले, चक्कर आली तर तेथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. त्यात लाज नाही.

दुसरी, आधी तीन महिने चालावे. जमीन तयार केल्याशिवाय लागण नाही.

तिसरी, बूट चांगले घ्यावेत आणि शक्य तो मातीच्या रस्त्याने पळावे.

चौथी, वही ठेवावी. उसाची, खताची, पाण्याची आणि स्वतःच्या तब्येतीचीही. माणूस स्वतःशी जेवढा खोटे बोलतो तेवढा दुसऱ्याशी बोलत नाही, आणि त्याला वहीसारखा पंच नाही.

पाटाच्या रस्त्याने पहाटे साडेपाचला आम्ही असतो. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी तिसऱ्या पुलापाशी यावे. सुरुवातीला सावकाशच जायचे आहे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी